फोटोग्राफरचा बॅकअप

पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या गोष्टी म्हणजे वैमानिकांच्या शौर्यकथा. विमानातून फोटो काढणारा आणि डार्करूममध्ये काचेच्या प्लेटा धुणारा माणूस त्यात सहसा नसतोच. माझ्या मते मात्र हवाई टेहळणीत खरी क्रांती त्यानेच केली. विमानाने फक्त उंची दिली!

कसं ते सांगतो. उदाहरण आपल्याच माणसांचं आहे.

१९१५ साली मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन बगदादकडे निघाली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी. २२ नोव्हेंबरला टेसिफोनवर हल्ला ठरला. आदल्या दिवशी मेजर रायली विमानातून पाहणीला गेला. त्याला तुर्कांची ताजी कुमक दिसली, त्याने ती नकाशावर टिपलीही. पण विमान खालच्या गोळीबारात सापडलं, आणि रायली नकाशासकट शत्रूच्या हाती लागला.

सगळी माहिती एका डोक्यात आणि एका कागदावर. बॅकअप शून्य.

हल्ला ठरल्याप्रमाणे झाला. साडेचार हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. मग कूतपर्यंत माघार, १४७ दिवसांचा वेढा आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती.

आता तुम्ही म्हणाल, कॅमेरा असता तरी प्लेटा तुर्कांनाच मिळाल्या असत्या. अगदी बरोबर. रायली परतला असता तर टाउनशेंड थांबलाच असता, असंही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण फोटोची ताकद एका फोटोत नाहीच. परवाचा, कालचा फोटो तंबूत शिल्लक राहतो. त्याच्या प्रती निघतात, चार जण तो पाहतात, वाद घालतात. नुसत्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर फक्त विश्वास ठेवता येतो, फोटो तपासता येतो.

त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला हेच झालं होतं. फोटोंवरून जर्मन खंदकांचे नकाशे काढून हल्ल्याआधीच वाटले गेले. फ्रेडरिक लॉजसारख्या फोटोग्राफरांनी पुढे आणखी एक युक्ती रुळवली. लागोपाठचे फोटो साधारण ६० टक्के एकमेकांवर येतील असे काढायचे. स्टीरिओस्कोपखाली ठेवले की जमिनीचे चढउतार दिसतात. अर्थात, न्यूव्ह शापेलला पहिली फळी फुटली तरी हल्ला पुढे अडकलाच. फोटो लढाई जिंकून देत नाही. तो चूक पकडायची संधी देतो, बस्स.

आणि फोटो वाचणाराही लागतो. आमचं घणसोली गाव सॅटेलाइटवरून बघा. सेक्टरच्या सरळ रस्त्यांशेजारी खेटून बसलेली छपरं. गावठाण म्हणजे काय हे माहीत नसलेला माणूस त्याला काहीही नाव देईल.

आज ड्रोन आहेत, फोटो 'वाचणारी' सॉफ्टवेअर आहेत. आपल्यासारखेच लोक ती लिहितात. म्हणून माझा आग्रह एवढाच, की निकाल देणारं यंत्र कितीही हुशार असो, मूळ फोटो चार माणसांच्या डोळ्यांखालून गेलाच पाहिजे. कारण चुकीची किंमत नकाशा पाहणारा भरत नाही. १९१५ मध्ये ती भरणाऱ्या मराठा शिपायाला कोणी नकाशा दाखवलाही नसेल.

पटतंय का?