कायदा होता, दाद नव्हती

आपल्यापैकी अनेक जण गोरेगावच्या मृणालताई गोरे उड्डाणपुलावरून जात-येत असतील. उपनगरातील पाणीप्रश्नावर लढून ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मृणालताई आणीबाणीत प्रथम भूमिगत झाल्या आणि डिसेंबर 1975 मध्ये पकडल्या गेल्या.

हुकूमशाहीत कायदा नसतो, अशी आपली समजूत असते. ती मला अपुरी वाटते. आणीबाणी घटनेच्या 352व्या अनुच्छेदानुसारच जाहीर झाली. विनाचौकशी स्थानबद्धतेचा ‘मिसा’ हा संसदेने 1971 साली संमत केलेला कायदा होता. अटकेची कारणे सांगण्याचे बंधनही नव्या कलमाद्वारे रीतसर दूर करण्यात आले. राष्ट्रपतींच्या 27 जूनच्या आदेशाने काही मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची वाटही बंद झाली. सही, शिक्का, राजपत्र, सारे यथासांग होते. नव्हती ती केवळ दाद.

तरीही, जी सत्ता स्वतःला कायदेशीर म्हणवते, तिला तिच्याच शब्दांत पकडता येते. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या नियतकालिकातील मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी 1976 मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. सेन्सॉरचे अधिकार न्यायालयाने नाकारले नाहीत. त्यांच्या मर्यादा तेवढ्या दाखवल्या. सरकारवरील टीका छापू न देणे त्या मर्यादेत बसत नव्हते. (आणीबाणीत न्यायालये सरसकट गप्प होती, असे म्हणणाऱ्यांनी हे निकालपत्र अवश्य वाचावे.)

छापील पानाला मिळालेले हे संरक्षण बंदिवान माणसाला मात्र मिळाले नाही. स्थानबद्धांच्या याचिका ऐकता येतात, असे मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 1976 रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते अमान्य केले. विरोधी मत न्या. हंसराज खन्ना यांचे. पुढे त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्या न्यायमूर्तींना सरन्यायाधीश नेमण्यात आले. बहुमताचे चौघे कायद्याबाबत अडाणी नव्हते. त्यांनी आदेशाची अक्षरे वाचली; कोठडीतल्या माणसाने मग जावे कुठे, हा प्रश्न त्यांनी कायद्याचा मानला नाही, असे मला वाटते.

1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीने जीवित व स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असे ठरवले. तो निर्णय चुकीचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने म्हणायला 2017 साल उजाडले. तसे लिहिणाऱ्यांत न्या. धनंजय चंद्रचूड होते. 1976 च्या चौघांत त्यांचे वडील, न्या. यशवंत चंद्रचूड.