माशाला आग्रह नको!

मंडळी, दोन महिन्यांपूर्वी आमच्या घरातला गोल्डफिश गेला. नातवाने डोळे पुसत विचारलं, "आजोबा, तो आजारी होता का?" नव्हता. आम्ही त्याला खाऊ घालून मारलं, हे इथे स्पष्टच लिहितो.

सकाळी शाळेत जाताना नातू दाणे टाकी. दुपारी मी. संध्याकाळी सूनबाई, रात्री चिरंजीव. प्रत्येकाला वाटे, बिचारा भुकेला आहे, बघा कसा काचेपाशी धावतो! अहो, माणूस दिसला की वरून दाणे पडतात हे तो शिकलेला असतो, म्हणून धावतो. त्यावरून त्याची भूक कळत नाही.

चीनमध्ये 1000 वर्षांहून आधीपासून ज्या कार्पवर्गीय माशापासून गोल्डफिश पैदा केले गेले, तो संथ पाण्यात शेवाळ, पाणवनस्पती, किड्यांच्या अळ्या शोधत आणि तळाचा गाळ चाळत हिंडणारा. गोल्डफिशला तर जठरच नसतं! हिंडावं आणि थोडं थोडं खावं, अशी त्याची घडण. आपण मात्र चिमूट टाकतो... मग आणखी एक चिमूट.

बरं, नदी-तळ्यात उरलंसुरलं खायला गोगलगायी असतात, किडे असतात, शिवाय पाणी भरपूर. काचेच्या पेटीत उरलेला दाणा तळाशी कुजतो आणि अमोनिया होतो. माशाच्या कल्ल्यांतूनही अमोनियाच बाहेर पडतो. खाणं जास्त तितका तोही जास्त. त्याचा निचरा करणारे जिवाणू नव्या पेटीत वाढायला काही आठवडे लागतात. आमची पेटी जेमतेम दहा दिवसांची. पाणी गढूळलं, मासा वर येऊन तोंड उघडू-मिटू लागला, तेव्हा आम्ही काय केलं? भूक लागली समजून आणखी दाणे टाकले!

काही नातेवाईक म्हणतील, "खाऊ घालणं म्हणजे प्रेमच ना?" पंक्तीत आग्रह करकरून जिलबी वाढणारे आपण! पण पाहुणा पानावर हात तरी आडवा धरतो. माशाने काय धरायचं?

दुकानदाराने "दिवसातून दोनदा" एवढंच सांगितलं, किती ते नाही. पण त्याला बोल लावून मी सुटत नाही. जन्मभर मुलांना सांगितलं, आधी वाचा, मग लिहा. स्वतः मात्र सगळं वाचलं ते मासा गेल्यावर.

आता नवा मासा यायचा आहे. माझ्या अटी अशा: दाणे एकानेच टाकायचे, दोन-तीन मिनिटांत संपतील एवढेच. उरले तर लगेच काढायचे. आणि आठवड्यातून एक दिवस उपास. धडधाकट मोठा मासा दोन-चार दिवस न खाताही राहतो. त्याची एकादशी सोसत नाही ती आपल्यालाच.

नातवाने पेटीवर कागद चिकटवलाय, "आजचं जेवण झालं आहे." मासा अजून आलेला नाही, तरी दुपारी माझा हात सवयीने डब्याकडे जातो. कागद वाचतो आणि मागे घेतो.

असो. तुमच्या घरी पेटी असेल तर आज एवढंच मोजा: दिवसभरात किती हात डब्यात जातात?