‘फ्रेम भारी’ म्हणणं आता पुरे

कॅमेरामन दिग्दर्शक झाला की आपण त्याचं कौतुक एका वाक्यात उरकतो: ‘प्रत्येक फ्रेम वॉलपेपर आहे यार!’ मीही असे स्क्रीनशॉट जमवायचो. मग गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ (१९८०) पाहिला आणि स्वतःचीच लाज वाटली.

निहलानी व्ही. के. मूर्तींच्या हाताखाली तयार झाले. श्याम बेनेगलांच्या ‘अंकुर’, ‘मंथन’, ‘भूमिका’चा कॅमेरा त्यांचा. ‘जुनून’च्या छायाचित्रणाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे देखणं दृश्य त्यांच्या हातचा मळ होता. तरी दिग्दर्शक म्हणून पहिल्याच सिनेमात, कॅमेराही स्वतःच सांभाळताना, त्यांनी काय निवडलं? लहान्या भिकूचा गप्प चेहरा. तेंडुलकरांनी लिहिलेला हा आदिवासी माणूस बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली उभा आहे आणि स्वतःच्या वकिलाशीही बोलत नाही. कॅमेरा ओम पुरींच्या डोळ्यांवर थांबतो, आणि आपल्याला नजर चुकवायला जागा उरत नाही. लावाल हा वॉलपेपर?

मी ॲप बनवतो. स्क्रीन सुरेख, पण बटण दाबल्यावर काहीच होत नाही, अशा ॲपला आमच्याकडे कुणी ‘भारी’ म्हणत नाही. मग सिनेमालाच ही सूट का?

आणि ‘तमस’ (१९८८) करताना निहलानींनी कॅमेरा चक्क आपल्या गुरूंच्या, मूर्तींच्या हाती दिला. फाळणीची गोष्ट सांगायची होती. स्वतःचं कसब मिरवायचं नव्हतं.

तेव्हा ‘फ्रेम भारी’ टाइप करण्याआधी एवढंच विचारा: हा कॅमेरा कुणाकडे बघतोय, आणि कुणाकडे बघायचं टाळतोय?