दिवाळे काढण्यापूर्वी घराची कीर्द काढावी

जुन्या काळी व्यापारी बुडाला म्हणजे तो भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे व त्यावरूनच 'दिवाळे' हा शब्द आला, असे आमचे वडीलधारे सांगत. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, दिवा लावणारा निदान जगास सांगून मोकळा तरी होत असे. आजचा तरुण गृहस्थ दिवा लावीत नाही. तो अंधारातच दुसरे कर्ज काढून पहिल्याचा हप्ता भरतो आणि घरच्या माणसांसही वार्ता लागू देत नाही. यासंबंधी चार अनुभवाचे शब्द सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावेत, असे आम्हांस वाटते.

काही दिवसांपूर्वी ठाणाकुशनूरच्या आमच्या पेढीवर एक ओळखीचा तरुण आला. किराण्याचे लहान दुकान, पत्नी, दोन मुले व वृद्ध माता असा त्याचा प्रपंच. "काका, बिदरला जाऊन नादारीचा अर्ज द्यावा म्हणतो," तो म्हणाला. "घरात विचारलेस काय?" असे पुसताच त्याने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यास पत्नीसह बोलाविले आणि दोघांपुढे एक कोरी वही ठेवली.

जमेस दुकानाचे २२,००० व शिवणकामाचे ४,००० मिळून महिना २६,००० रुपये. खर्चाच्या बाजूस प्रथम हप्ते लिहविले. बँकेचा ७,५००, महिला गटाच्या दोन कर्जांचे ४,३००, मोटारसायकलीचा ३,२०० आणि खाजगी सावकाराच्या दीड लाखांवर दरमहा शेकडा तीनप्रमाणे नुसते व्याज ४,५००. एकूण १९,५००. गटाचे दुसरे कर्ज पतीस ठाऊक नव्हते आणि सावकार पत्नीस ठाऊक नव्हता. घरखर्चास १४,००० लागत आणि हाती राहत ६,५००. म्हणजे दरमहा ७,५०० ची तूट नव्या कर्जाने भरली जात होती.

अशा वेळी आपण वडीलधारे 'काटकसर करा' असा उपदेश करून मोकळे होतो. त्या जोडप्याने दोन महिने पै-पैचा हिशेब लिहिला. वाचले किती? दोन हजार. मुलांच्या दुधावर व आईच्या औषधावर कात्री चालवून घर तरत नसते. सूक्ष्मकर्जाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ पासून असा दंडक घातला आहे की, कुटुंबाचे सर्व हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावेत. येथे तर ते पाऊण उत्पन्न खात होते. दोष चुलीचा नव्हता, व्याजाचा होता.

तरुणाचा रस्त्यालगत एक रिकामा भूखंड होता. 'पुढेमागे भाव येईल' म्हणून तो राखून ठेवलेला. तो विकून प्रथम सावकारास मुक्त केले. मग पतिपत्नी दोघेही बँकेत गेले व वहीच पुढे ठेवून मुदत वाढवून मागितली. हप्ता ५,९०० वर आला. आज १३,४०० हप्ते व १२,००० घरखर्च वजा जाता महिन्यास ६०० रुपये शिल्लक राहते. रक्कम अल्प आहे, परंतु ती शिल्लक आहे, तूट नव्हे.

हे सांगताना आम्ही स्वतःस शहाणे म्हणवून घेत नाही. २०१६-१७ च्या हंगामात तुरीचे अमाप पीक आले व भाव क्विंटलमागे ५,०५० रुपयांच्या आधारभूत किमतीखाली उतरले. चढ्या भावाने घेतलेला माल आमच्या गळ्यात पडला. चाळीस वर्षे खतावणी लिहिणाऱ्या आम्ही ती तूट आठ महिने घरात सांगितली नाही. पत्नीस ती बाहेरून कळली. तोट्याचे दुःख तिला झाले नाही, न सांगितल्याचे झाले. दुकानाची कीर्द रोज आणि घराची कधीच नाही, ही आपल्या व्यापारी घरांतील मोठी उणीव होय.

तथापि ज्याच्याजवळ भूखंडही नाही, त्याने काय करावे? वहीने प्रामाणिकपणे 'निभत नाही' असे सांगितले, तर नादारी हे पाप नव्हे. तो कायद्याने ठेवलेला दरवाजा आहे. मात्र आत काय आहे हे जाणूनच पाऊल टाकावे. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यान्वये मालमत्ता न्यायालयाच्या स्वाधीन होते. अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे जप्तीतून वगळलेली असतात. तारण ठेवलेल्या वस्तूवरचा सावकाराचा हक्क कायम राहतो. फसवणुकीचे देणे सुटत नाही. अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत मेव्हण्याच्या नावे फुकट करून दिलेले घर रद्द ठरू शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, ऋणको सुटला तरी जामीनदार सुटत नाही. ज्याने विश्वासाने सही केली, त्याच्या दारी वसुली जाते. म्हणून चांगल्या वकिलाच्या आधी जामीनदारास भेटावे. कोणी धाकदपटशाने वसुली करीत असेल, तर त्याविरुद्ध कर्नाटक सरकारने २०२५ मध्ये कडक अध्यादेश काढला होता, हेही ध्यानी असावे.

आपल्याच परंपरेतील कवी बनारसीदास हे व्यापारी होते. १६४१ साली लिहिलेल्या 'अर्धकथानक' या आत्मचरित्रात त्यांनी आपले तोटे उघडपणे सांगितले आहेत. आग्र्यात हात रिकामा झाला तेव्हा ते कचोरीवाल्याकडे उधारीवर खात. पैसे नाहीत, हे त्यांनी त्याला आपण होऊन सांगितले. त्याने उधारी बंद केली नाही आणि पुढे त्याचे देणे फिटले. पत म्हणजे पैसा नव्हे, वेळेवर सांगितलेले सत्य होय.

परिग्रहाचे परिमाण ठरवावे, हे व्रत आपण श्रावक लहानपणापासून ऐकतो. कर्जाचेही परिमाण ठरविणे त्यातच येते. आमची सूचना एवढीच की, प्रत्येक घरात दरमहा एक संध्याकाळ पतिपत्नींनी वही उघडावी. आणि कोणा तरुणाची वही जुळत नसेल, तर संघातील दोन जाणत्यांनी गाजावाजा न करता त्याच्याजवळ बसावे. लाजेपोटी शेकडा तीनचे कर्ज काढावे लागते, ती लाज कमी करणे आपल्या हाती आहे. यंदा दिवाळीस चोपडीपूजन करताना दुकानाच्या वह्यांशेजारी घराचीही एक वही ठेवावी, अशी सर्व सभासदांस आमची नम्र विनंती आहे.