दुखतो सांधा, व्याधी कोठे?

आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णांपैकी फार मोठा वर्ग 'गुडघा धरला', 'कंबर आखडली', 'अंग ठणकते' अशा तक्रारी घेऊन येतो. हाच रुग्ण सकाळी आपल्याकडे स्नेहन-स्वेदन घेतो, सायंकाळी भौतिकोपचारतज्ज्ञाकडे व्यायाम शिकतो आणि मधल्या वेळात औषधी दुकानातून एखादे तेल वा चूर्ण नेतो. एकाच शरीरावर तिघांचे हात पडतात. त्या तिघांनाही सांध्यामागील व्याधी दिसतो काय, हा प्रश्न आम्ही येथे उपस्थित करू इच्छितो.

प्रारंभी आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी वैशाखात पूर्व विदर्भातील एक अठरा वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला. सांधे वारंवार दुखत, मुखावर पांडुता होती, चालताना एका पायाने किंचित लंगडत असे. आम्ही आमवाताचे निदान केले. लंघन, गुग्गुळ कल्प आणि वालुकास्वेद योजिला. तिसऱ्या दिवशी वेदना असह्य झाल्या. त्याच्यासोबत शेजारची एक मुलगी आली होती. ती भौतिकोपचाराच्या अंतिम वर्षात शिकत होती. तिने संकोचानेच विचारले, "सर, याची सिकलसेलची तपासणी झाली आहे का?" झालेली नव्हती. तपासणीत सिकलसेल निघाला आणि पुढे खुब्यातील मांडीच्या हाडाचे डोके रक्तपुरवठ्याअभावी मृत होऊ लागल्याचेही दिसून आले.

त्या मुलीला जे सुचले ते आम्हांस का सुचले नाही? तिला सांधा शिकविताना रक्ताचा व्याधीही शिकविला गेला होता, हे एक उत्तर. 'भौतिकोपचाराच्या विद्यार्थ्यांना कायचिकित्सा कशाला? चिठ्ठीप्रमाणे व्यायाम करवून घेतले म्हणजे झाले,' असे काही वैद्यमित्र म्हणतात. हे मत आम्हांस मान्य नाही. खांदा गोठलेला रुग्ण पुष्कळदा मधुमेही असतो. डाव्या खांद्याची वेदना कधी हृदयाची असते. पाठदुखीसोबत सायंकाळचा ज्वर आणि वजन घटणे असेल, तर मणक्याच्या क्षयाचा विचार करावा लागतो. एकाच पोटरीला सूज, उष्णता व वेदना असेल, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशा पायाला मर्दन केल्यास ती गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. म्हणून रक्ताभिसरण, श्वसन, अंतःस्रावी ग्रंथी, मज्जासंस्था या सर्व संस्थांचे सामान्य व्याधी ठाऊक असल्यावाचून अंगाला हात लावण्याचा अधिकार कोणासही नसावा. मग तो हात भौतिकोपचारतज्ज्ञाचा असो वा पंचकर्म करणाऱ्या वैद्याचा.

विदर्भापुरते बोलावयाचे तर या यादीत सिकलसेलला अग्रस्थान द्यावे लागेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या जिल्ह्यांतील आदिवासी व अन्य काही समाजांत हा आनुवंशिक व्याधी दीर्घकाळ ठाण मांडून आहे. निरोगी तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकल झालेली पेशी साधारण १० ते २० दिवसांतच नष्ट होते. म्हणून पांडुता येते. विळ्याच्या आकाराच्या या ताठर पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्या अडवितात, म्हणून अस्थी व सांधे ठणकतात. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते.

येथे दोन्ही शास्त्रांच्या नित्याच्या उपचारांत धोका आहे. भौतिकोपचारात सूज व वेदनेवर बर्फाचा शेक देण्याची पद्धत आहे; सिकलसेलच्या रुग्णात शीतस्पर्शाने वेदनेचा वेग भडकू शकतो. आपल्याकडे स्वेदन, वमन, विरेचन, लंघन ही शस्त्रे आहेत. त्यांतून शरीरातील जलांश घटला, तरीही तोच परिणाम होतो. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तर हे विशेषच लक्षात ठेवावयास हवे. खुब्याची वेदना जांघेत, प्रसंगी गुडघ्यातही जाणवते, आणि आरंभी साध्या क्ष-किरण चित्रात काहीच दिसत नाही. अशा वेळी गुडघ्यालाच तेल चोळीत बसण्याचा प्रमाद आपल्यापैकी किती जणांकडून घडला असेल!

काही बंधू म्हणतील, 'आम्ही दोष पाहतो, व्याधीचे नाव पाहत नाही.' प्रत्येक विकाराचे नाव सांगता आले नाही तरी वैद्याने लाज मानू नये, हे चरकाचार्यांचे मत सर्वांना पाठ आहे. परंतु त्याच ठिकाणी विकाराची प्रकृती, अधिष्ठान आणि समुत्थान जाणूनच कर्म करावे, असेही त्यांनी बजाविले आहे. त्या मुलाच्या सांध्यात आम्ही वात व आम पाहिले. रक्ताचा विचार केला नाही. उणीव शास्त्राची नव्हती, आमची होती.

औषधी विक्रेत्या बंधूंचीही येथे मोठी जबाबदारी आहे. घटक न छापलेली, 'तीन दिवसांत सांधे मोकळे' करणारी चूर्णे व गोळ्या आयुर्वेदाच्या नावाने विकल्या जातात आणि अशा काही मालात स्टेरॉइडची भेसळ वेळोवेळी आढळली आहे. स्टेरॉइडचे दीर्घ सेवन हे खुब्याचे हाड मृत होण्याचे एक प्रमुख कारण आहे. तेव्हा जे चूर्ण वेदना थांबविते, तेच सांधा खात असते. असा माल ठेवणार नाही, एवढा निश्चय तरी प्रत्येक दुकानदाराने करावा.

उपाय कठीण नाहीत. तरुण वयात पांडुता आणि वारंवार अस्थिशूल दिसल्यास शोधनापूर्वी सिकलसेलची तपासणी करवून घ्यावी. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने २०४७ पर्यंत या व्याधीच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेविले आहे. तपासणीच्या त्या कार्यात वैद्यवर्ग मागे का राहावा? रुग्णाचे हायड्रॉक्सियुरिया चालू असल्यास ते आपल्या सल्ल्याने बंद होऊ देऊ नये. भौतिकोपचारतज्ज्ञाकडे रुग्ण पाठविताना चिठ्ठीवर केवळ 'संधिवात' न लिहिता निदान, चालू औषधे आणि काय टाळावे हे लिहावे; त्यांच्याकडूनही तशीच चिठ्ठी मागावी. दोन्ही अभ्यासक्रम नाशिकच्या एकाच आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी निगडित आहेत. नागपुरात मेडिकल चौक आणि सक्करदरा यांतील अंतरही फार नाही. दोन्हीकडील विद्यार्थी वर्षातून काही वेळा एका रुग्णाभोवती एकत्र बसले, तर ते अंतर खऱ्या अर्थाने मिटेल.

तो मुलगा आजही आमच्याकडे येतो. आता तो भरपूर पाणी पितो, रक्तविकारतज्ज्ञांची औषधे नियमाने घेतो आणि काठी टेकून चालतो. तो प्रश्न पहिल्या दिवशी आम्हीच विचारला असता, तर असह्य वेदनेचे ते दिवस तरी त्याच्या वाट्यास आले नसते.