मोटारी दोन, खिसा एक

दिवाळी जवळ आली की घरोघर खरेदीच्या याद्या होऊ लागतात. पूर्वी या यादीत लुगडी असत, पाटल्या असत, फार तर एखादे शिवणयंत्र असे. आता मोटारीने त्यांच्या बरोबरीने पाट मांडला आहे. त्यामुळे या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही मोटारींची पत्रे वाढली, यात नवल नाही. यंदा मात्र बुलढाणा जिल्ह्यातून, खामगावहून, एका सेवानिवृत्त गुरुजींचे पत्र आले आहे. त्याचे उत्तर चार ओळींत संपणारे नाही, म्हणून दिवाळी अंकाची ऐसपैस जागा त्यासाठी राखून ठेवली.

गुरुजींचे चिरंजीव डॉक्टर आहेत. खामगावात त्यांचा दवाखाना चांगला चालतो. त्यांनी वापरलेल्या दोन मोटारी पाहून ठेवल्या आहेत. एक स्कोडाची ‘ऑक्टाविया आरएस २४५’, दुसरी ‘बीएमडब्ल्यू ३३०आय’. दोन्ही पेट्रोलच्या, दोन्ही वेगासाठी नावाजलेल्या, आणि किमतीही जवळजवळ सारख्याच. गुरुजी लिहितात, “मुलाचा जीव बीएमडब्ल्यूत अडकला आहे, सूनबाई ऑक्टाविया म्हणतात, आणि माझे मत विचाराल तर एकही नको. परंतु मला आठ लाख रुपये माझ्या ठेवीतून घालायचे आहेत, म्हणून माझ्या मतालाही थोडी किंमत असावी असे वाटते.”

गुरुजी, आपल्या मताला किती किंमत आहे ते शेवटी सांगू. आधी मोटारींकडे वळू.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात असा प्रश्न पडावा, याचे पुण्या-मुंबईच्या वाचकांना कदाचित आश्चर्य वाटेल. पण शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, ऑक्टोबर २०१० मध्ये तेथील मंडळींनी एकत्र येऊन एकाच दिवशी १५० मर्सिडीज मोटारी घेतल्या होत्या. सौदा सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता. मराठवाड्यातले शहर असा विक्रम करील असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. त्या मोटारींना २०२५ साली पंधरा वर्षे झाली, आणि खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांचीच असते. पुढे तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर, असे सोपस्कार लागतात. तेव्हा ‘मर्सिडीज, अगदी स्वस्तात’ असे कोणी सांगू लागले तर आधी नोंदणीचे साल पाहावे. स्वस्त मिळणारी गोष्ट स्वस्तात सांभाळता येते असे नाही.

दुसरे कारण समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण रस्ता खुला झाला. तो मेहकर आणि सिंदखेड राजा या तालुक्यांतून जातो. ज्या जिल्ह्यात एके काळी एसटीने मेहकरला जायचे म्हणजे दिवस मोडायचा, तेथून आता नागपूर काही तासांवर आले. असा रस्ता दारात आल्यावर तरुणाच्या मनात वेगवान गाडीचा विचार यावा, हे साहजिक आहे.

आता या दोन गाड्यांची कुळकथा. ऑक्टाविया आरएस २४५ ही २०२० साली भारतात आली, ती अवघी दोनशे. स्कोडाचा कारखाना २००१ पासून संभाजीनगरजवळ शेंद्र्याला आहे, परंतु ही विशिष्ट गाडी तेथे झालेली नाही, ती परदेशातून जशीच्या तशी आणलेली. तेव्हा तिची किंमत सुमारे ३६ लाख होती. शक्ती २४५ अश्वांची. ३३०आय २०१९ च्या ऑगस्टात आली. ती चेन्नईच्या कारखान्यात जुळवलेली, किंमत तेव्हा सुमारे ४८ लाख, शक्ती २५८ अश्वांची. थांबलेल्या अवस्थेतून ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला पहिलीला साडेसहा सेकंदांच्या आसपास लागतात, दुसरीला सहाहून थोडे कमी. आपल्या पिढीची लाडकी मारुती ८०० आठवत असेल, तिची शक्ती सुमारे ३७ अश्वांची होती. म्हणजे या गाड्या तिच्या साडेसहा-सातपट ताकदीच्या. हा आकडा चिरंजिवांना आवडेल. आपणाला त्याने झोप लागणार नाही, हेही आम्ही जाणतो.

दोघींच्या स्वभावात मुख्य फरक एकच. ऑक्टावियाची पुढची चाके गाडीला ओढतात. बीएमडब्ल्यूची मागची चाके ढकलतात. बैल पुढून गाडी ओढतो आणि हमाल हातगाडी मागून ढकलतो, तसे समजा. मागून ढकलणाऱ्या गाडीत पुढच्या चाकांना फक्त वळण्याचेच काम उरते, म्हणून ती वळणावर हुकमी चालते. राजूर घाटाची वळणे उतरताना चिरंजिवांना जो आनंद होईल, तो हाच. उलट पुढून ओढणाऱ्या गाडीत यंत्राचे वजन ओढणाऱ्या चाकांवरच पडते, त्यामुळे पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर आला असता ती सहसा सरळ निघून जाते. आजच्या गाड्यांत चाक घसरू लागताच शक्ती आवरणारी यंत्रणा असते हे खरे, पण ती सवयीची जागा घेत नाही.

घरच्या माणसांना मात्र दुसरेच फरक जाणवतील. मागच्या चाकांपर्यंत शक्ती नेणारा दांडा बीएमडब्ल्यूच्या पोटाखालून जातो, म्हणून मागच्या आसनापुढे मध्येच उंचवटा येतो. तिसऱ्या माणसाने पाय ठेवावेत कोठे, हा प्रश्न राहतोच. ऑक्टावियाचा मागचा दरवाजा काचेसकट वर उघडतो आणि सामानाची जागा ५९० लिटर, बीएमडब्ल्यूची ४८०. सूनबाईंनी ऑक्टाविया का निवडली, हे यावरून कळते. संसाराचे सामान शेवटी त्यांनाच बसवावे लागते! दोन्ही गाड्या जमिनीला लागून बसणाऱ्या आहेत आणि दोन्हींचे झटके-शोषक कडक आहेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यांत बसणे सोपे, उठणे अवघड. तेव्हा गुरुजी, आपण आणि सौभाग्यवतींनी दोन्ही गाड्यांत मागे बसून एकदा तास-दोन तासांचा प्रवास करावा. गावातल्या गतिरोधकांवरून गाडीचे पोट घासते का, तेही कानाने ऐकावे. पाच मिनिटांच्या फेरीत गाडी नेहमीच गोड वागते.

आता पारख. खामगाव हे चांदीचे गाव. तेथे कोणी कस न लावता चांदी घेत नाही. मोटारीलाही कस लावावा लागतो, आणि त्याचे पाच-सहा प्रकार आहेत.

गाडी सकाळी, यंत्र थंड असताना सुरू करून पाहावी. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जावे. दुरुस्तीची वही मागावी, आणि वहीतले किलोमीटर डोळ्यांपुढच्या आकड्याशी जुळतात का पाहावे. दोन्हीत गिअर आपोआप पडतात. ऑक्टावियाच्या गिअरपेटीत दोन क्लच तेलात बुडालेले असतात आणि ते तेल सामान्यतः साठ हजार किलोमीटरला बदलावे लागते. ते बदलल्याची पावती नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. अधिकृत कारखान्यात संगणक लावून गाडीने पूर्वी नोंदवलेले दोष वाचता येतात. त्यासाठी जी फी द्यावी लागेल ती आनंदाने द्यावी. गालिचे उचलून, पट्टे पूर्ण ओढून, चिखलाचा डाग वा कुबट वास आहे का पाहावे. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकली जाते, पण पट्ट्याच्या टोकाशी पाणी आपली खूण ठेवते.

टायर विशेष पाहावेत. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. त्यातले पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. ‘२३२०’ म्हणजे २०२० च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. या गाड्या कमी चालवलेल्या असतात, त्यामुळे नक्षी चांगली दिसते आणि रबर मात्र म्हातारे झालेले असते. ३३०आयला हवा गेली तरी थोडे अंतर धावणारे टायर असतात का, हे विचारावे. अशा टायरवर साधारणपणे ताशी ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जाता येते, पण पुढे तसलाच टायर शोधावा लागतो. लोणारच्या रस्त्यावर रात्री दहा वाजता तो कोणत्या दुकानात मिळेल, याचा विचार दिवसाच करून ठेवावा. २०२५ पासून पंपांवरच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. म्हणून पेट्रोलच्या झाकणाआतली चिठ्ठी आणि गाडीची पुस्तिका वाचून ते तिला मानवते का याची खात्री करावी. लिटरमागे अंतर थोडे कमी पडेल हे धरून चालावे.

कागदपत्रांत आळस नको. बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा ३५ नंबरचा नमुना, विक्रीचे २९ आणि ३० हे नमुने, आणि गाडी दुसऱ्या परिवहन कार्यालयाची असेल तर २८ नंबरचा ना-हरकत दाखला, एवढे हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. दंडाच्या थकलेल्या पावत्याही पाहाव्यात. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. पूर्वीच्या मालकाला मिळत असलेली विम्यातली सूट त्याच्याबरोबर जाते, गाडीबरोबर येत नाही. म्हणून पुढच्या हप्त्याचा आकडा आधीच विचारून घ्यावा.

आणि आता या सगळ्या हिशेबातले मर्म सांगतो. गाडीची किंमत निम्मी झाली म्हणून तिच्या भागांची किंमत निम्मी होत नाही. ४८ लाखांची गाडी तिशीत मिळाली तरी तिचे ब्रेक, तिचे दिवे, तिचे टायर हे ४८ लाखांच्या गाडीचेच राहतात. ऑक्टावियाचे यंत्र त्याच घराण्यातल्या इतर गाड्यांतही असल्याने त्याचे भाग मिळू शकतात, परंतु जी गाडी देशात दोनशेच आली तिचा खास पुढचा बंपर फुटला तर महिना-महिना वाट पाहावी लागेल. बीएमडब्ल्यू अधिक संख्येने विकली गेली, तिचा प्रश्न मिळण्याचा नाही, दराचा आहे. शिवाय मोठ्या दुरुस्तीसाठी मोठे शहर गाठावे लागणार. ज्या दिवशी गाडी तेथे अडकेल त्या दिवशी डॉक्टरांचा दवाखाना बंद, हेही खर्चातच धरावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या नव्या गाड्यांवरचा कर एकंदर ४० टक्क्यांवर आला, तो पूर्वीच्या कर-अधिभाराहून कमी आहे. नव्याचे भाव उतरले की जुन्याचेही उतरले पाहिजेत, ही गोष्ट घासाघीस करताना विक्रेत्याला सांगावी.

एक गोष्ट लिहिताना लेखणी जड होते. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. रस्ता रुंद आणि मोकळा असला म्हणजे सुरक्षित असतोच असे नाही. तेथे मोटारींना सपाटीवर ताशी १२० ची मर्यादा आहे. या दोन्ही गाड्या त्याच्या दुप्पट वेगाने जाऊ शकतात, आणि आत बसलेल्याला १२० हे ८० सारखे वाटतात. हा त्यांचा गुण आहे, आणि धोकाही तोच. डॉक्टरसाहेब, रात्रीचा रुग्ण तपासून पहाटे नागपूरला निघण्याची आपणाला सवय असेल, तर गाडीपेक्षा आधी झोपेचा विचार करा. कोणतेही ब्रेक पेंगलेल्या माणसाला जागे करीत नाहीत.

तर गुरुजी, आमचे मत असे. घरातली सर्व माणसे बसणार, सामान जाणार आणि पावसापाण्यात चालवायची, तर दोघींत ऑक्टाविया आपल्या घराला अधिक साजेल. अट एवढीच, की तिची वही चोख असावी आणि पुढचा व मागचा भाग अपघातातून सुटलेला असावा. तसे नसेल आणि बीएमडब्ल्यू एकाच हातची, नीट निगा राखलेली असेल, तर बीएमडब्ल्यू घ्यावी. वापरलेल्या गाडीत नावापेक्षा आधीचा मालक महत्त्वाचा.

परंतु आपले आठ लाख त्यात घालू नयेत. ठेव ही म्हातारपणीची काठी आहे, ती मोटारीच्या टायरांना देऊ नये. ज्या गाडीसाठी वडिलांची ठेव मोडावी लागते, तिची पहिली मोठी दुरुस्ती आली की घरात बोलणे बंद होते, आणि ते बोलणे सुरू करायला कोणताही कारखाना उपयोगी पडत नाही. डॉक्टरांनी आपल्या कमाईतून गाडी घ्यावी, तिच्या किमतीचा सातवा-आठवा भाग दुरुस्तीसाठी वेगळा ठेवावा. तेवढे जमत नसेल तर दोन वर्षे थांबावे. गाड्या तेवढ्याने आणखी स्वस्त होतील, आणि डॉक्टर तेवढेच अनुभवी.

आपण “एकही नको” म्हणालात, त्यात आम्हाला हट्ट दिसला नाही, काळजी दिसली. ती चिरंजिवांना पत्रातून नव्हे, समोर बसवून सांगा. सूनबाईंनाही त्या वेळी जवळ बसवा, हिशेब त्या चांगला करतात असे दिसते.

सर्व वाचकांना दीपावली सुखाची जावो, आणि ज्यांच्या दारी यंदा नवी-जुनी गाडी येईल, त्यांचे सर्व प्रवासी सुखरूप घरी परतोत.