मागच्या सीटखालची टकटक

मैत्रिणींनो, मिक्सरचा आवाज जरासा बदलला की आपल्याला शेजारच्या खोलीत असूनही कळतं. कुकरची शिट्टी नीट झाली की नुसतीच फुसफुसली, हे पाहायला उठावं लागत नाही. मग हेच तिखट कान गाडीत बसल्यावर कुठे जातात? ‘गाडीतलं आपल्याला काय कळतंय!’ असं दुसऱ्या कुणी म्हणायच्या आधी आपणच म्हणून मोकळ्या होतो. वास्तविक मागच्या चाकांपाशी काही सैल झालं, तर ते सगळ्यांत आधी ऐकू येतं मागच्या सीटवरच्या माणसांना. आणि मागच्या सीटवर बहुतेक घरांत मुलं, सासूबाई आणि आपणच असतो. म्हणून या आठवड्यात स्वयंपाकघर थोडं बाजूला ठेवून एका आवाजाविषयी सांगते. वेळीच ओळखला तर तो थोडक्या पैशांत बंद होतो. नाही ओळखला तर पुष्कळ पैसे घेऊन जातो.

हा आवाज असा. गाडी गुळगुळीत रस्त्यावर असली की काही नाही. गतिरोधक आला, किंवा पावसाळ्यानंतरच्या बारीक खड्ड्यांतून गाडी हळू चालली, की मागून टक्-टक्, खट्-खट् असं वाजतं. जणू कुणी सीटखाली लाकडी हातोडीने ठोकतंय. वेग वाढला की इतर आवाजांत ते बुडून जातं, म्हणून पुढे बसून गाडी चालवणाऱ्याला ऐकू येईलच असं नाही.

आधी डिकी रिकामी करा

गॅरेजकडे धावण्याआधी घरच्या घरी एक काम करून पाहा. डिकी अगदी झाडून रिकामी करा. जॅक, त्याचा दांडा, पाण्याचा कॅन, मुलांची बॅट, सगळं बाहेर काढा. स्टेपनी जागेवर घट्ट बसलीय का, हलवून पाहा. डिकीचं दार बंद केल्यावर हाताने दाबून बघा. कुलपात सैल असेल तर तेही वाजतं. मागच्या काचेजवळची फळी काढून ठेवा. आता त्याच रस्त्याने, त्याच गतिरोधकावरून पुन्हा जाऊन या. आवाज गेला, तर खर्च शून्य. राहिला, तर गाडीच्या खाली पाहायला हवं. सायलेन्सरला धरून ठेवणारे रबरी झुले तुटले तरी साधारण असाच आवाज येतो, तेही ध्यानात असू द्या.

हे बुश म्हणजे काय?

गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. पण स्प्रिंग दाबून सोडली की ती एकदा वर येऊन थांबत नाही, नाचत राहते. हे नाचणं थोपवायला तिच्या जोडीला शॉक ॲब्सॉर्बर असतो. गॅरेजमधली मुलं त्याला ‘शॉकअप’ म्हणतात. आत तेल असतं आणि एक दट्ट्या. दट्ट्या खालीवर होताना तेलाला अगदी बारीक वाटांतून जावं लागतं. त्यात उसळीचा जोर जिरून जातो. शॉकअपचं एक टोक गाडीच्या सांगाड्याला आणि दुसरं चाकाकडच्या भागाला जोडलेलं असतं. लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून या दोन्ही टोकांना रबर घातलेलं असतं, तेच बुश. कुठे ते बांगडीसारखं असतं. त्याच्या आत लोखंडी नळी आणि नळीतून बोल्ट. कुठे दोन जाड रबरी चकत्या, वर वॉशर आणि नट.

रबराला गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली सापडली आणि १८४४ मध्ये त्यांनी तिचं पेटंट घेतलं. पण टिकाऊ म्हणजे अमर नव्हे. उष्णता, हवा, चिखल, गळलेलं तेल आणि रोजचे दणके यांनी रबर हळूहळू कडक होतं, त्याला चिरा पडतात, गोल भोक लांबट होतं. मग बोल्टला हलायला जागा मिळते आणि लोखंड लोखंडावर आपटू लागतं. आपली टकटक ती हीच.

आता मुद्द्याची गोष्ट. कुकरची रिंग सैल झाली म्हणून आपण कुकर मोडीत काढतो का? रिंग बदलतो. तसंच बुश गेलं म्हणजे शॉकअप गेलाच, असं मुळीच नाही. बुशचं काम बहुधा शेकड्यांत होतं, शॉकअपची जोडी मात्र हजारांत जाते. तेव्हा नक्की काय गेलंय, हे पाहणं आपल्याच हिताचं.

फरक कसा ओळखावा?

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. सायलेन्सर गार होऊ द्या. मागच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार देऊन गाडी खाली दाबा आणि एकदम सोडा. गाडी वर आली आणि स्थिरावली, तर शॉकअपमध्ये अजून दम आहे. दोन-तीन वेळा डुलत राहिली, तर शॉकअप थकला. हीच परीक्षा दुसऱ्या कोपऱ्यावर घ्या. ही चाचणी ढोबळ आहे, पण अंदाज येतो. एकीने गाडी दाबावी आणि दुसरीने चाकाजवळ कान द्यावा. दाबताना-सोडताना तिथंच ‘टक्’ झालं, तर संशय बुशवर. हात मात्र स्प्रिंगच्या किंवा चाकाच्या जवळ घालू नका.

मग चाकाच्या मागून टॉर्च मारून नुसतं पाहा. शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओलसर, धूळ चिकटलेला ओघळ असेल, तर तो आतून गळतोय. तिथं नुसतं बुश बदलून भागणार नाही. शॉकअप कोरडा आहे, पण टोकाचं रबर चिरलंय, बाहेर फुगून आलंय, बोल्ट भोकाच्या मधोमध नाही किंवा तिथं तांबूस भुकटी जमलीय, तर दोष बुशचा. टायरवरूनही हात फिरवा. रबर ठिकठिकाणी खोलगट झिजलं असेल तर शॉकअपही तपासून घ्या.

आमची गाडी जुनी, घेतलीही दुसऱ्याकडून. गेल्या जूनमध्ये, म्हणजे नेमकी शाळेची फी, वह्या, दप्तरं यांच्या ऐन गर्दीत ती मागून वाजायला लागली. “अहो, मागून काहीतरी आपटतंय,” मी ह्यांना म्हटलं. “तुझे कान फारच तिखट बुवा,” म्हणून ह्यांनी दोन आठवडे काढले. शेवटी गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या माणसाने गाडी एकदा हलवली आणि सांगून टाकलं, “साहेब, दोन्ही शॉकअप गेले. नवीन टाकावे लागतील.” हे पाकिटाकडे हात नेणार, तेवढ्यात मी विचारलं, “दादा, तेल गळतंय का? दाखवा बघू.” तो माझ्याकडे न पाहता ह्यांनाच सांगत राहिला. मी पुन्हा विचारलं. मग त्याने गाडी वर घेतली. दोन्ही शॉकअप कोरडे ठणठणीत! त्याच्या हाताखालच्या पोराने पहार लावून शॉकअपचं खालचं टोक हलवलं, तेव्हा तिथंच टक्-टक् झालं. “ताई, बुशच आहे,” पोरगाच म्हणाला. दोन्ही बाजूंची बुशं बदलली आणि त्या महिन्याचा हिशेब सावरला. कुणाशी भांडण नाही की तंडण नाही. फक्त ‘दाखवा’ एवढाच शब्द.

काम करून घेताना

पहिली गोष्ट म्हणजे नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका. घरच्या हौशी माणसाला तर नाहीच. खाली पक्क्या लोखंडी घोड्या हव्यात. विटा किंवा दगड चालणार नाहीत, वीट भाराने फुटते. पुढच्या चाकांना अडण्या लावलेल्या असाव्यात. शॉकअपचा बोल्ट काढण्याआधी मागच्या आसालाही खालून आधार द्यायचा असतो. नाहीतर तो एकदम खाली येतो आणि ब्रेकच्या नळीवर ताण बसतो. काही गाड्यांत स्प्रिंग शॉकअपच्याच अंगावर चढवलेली असते. ती दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होईल. ते काम गॅरेजचंच, घरी हात लावू नये.

दुसरी गोष्ट, एका बाजूचं बुश गेलं तरी दोन्ही बाजूंची बदलावी. दोन्ही सारख्याच रस्त्यावरून चालली आहेत, दुसरंही मागोमाग येणारच. बांगडीसारखं बुश दाबयंत्रावर किंवा मोठ्या शेगड्यात दाबून काढतात आणि तसंच बसवतात. हातोडीने ठोकलं तर शॉकअपची कडी वाकते. बसत नसेल तर साबणाचं पाणी लावावं. वंगण किंवा इंजिनचं तेल नको, रबर त्याने फुगतं आणि मऊ पडतं. आवाज बंद करायला बुशवर तेल सोडणाऱ्यांनाही म्हणूनच नको म्हणा. चार दिवस शांतता मिळते आणि रबर लवकर संपतं. आतून लॉक होणारा नट असेल तर तो नवाच घालावा.

तिसरी गोष्ट घाईत हमखास राहून जाते. बांगडीसारख्या बुशचा बोल्ट शेवटचा घट्ट करायचा तो गाडीचं वजन चाकांवर आल्यानंतर. का म्हणाल, तर गाडी अधांतरी असताना चाकं खाली लोंबतात आणि शॉकअप पुरता ताणलेला असतो. त्या स्थितीत बोल्ट आवळला की आतली नळी तशीच घट्ट धरली जाते. मग गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि फार लवकर फाटतं. पोट आत घेऊन परकराची नाडी आवळली आणि मग पंगतीला बसलं तर काय होईल, तसंच! तेव्हा “दादा, शेवटचं आवळणं गाडी खाली घेतल्यावर करा,” एवढं जरूर सांगा. किती आवळायचं, ते त्या-त्या गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेलं असतं आणि त्यासाठी माप दाखवणारा पाना मिळतो. रबरी चकत्यांच्या प्रकारात नट इतका पिळू नये की रबर चारी बाजूंनी बाहेर येईल.

गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर हात लावू न देता कंपनीच्या केंद्रातच दाखवा. काही गाड्यांचं बुश सुटं मिळतच नाही, शॉकअपबरोबरच येतं. गॅरेजवाल्याने तसं सांगितलं तर तो फसवतोच आहे असं समजू नका. सुट्या भागांच्या दुकानात गाडीचं नाव आणि साल सांगून खात्री करून घ्या. शॉकअप बदलायचेच झाले तर मागचे दोन्ही एकदम बदला. आणि काढलेले जुने भाग पिशवीत घालून घरी आणा. आपण पैसे कशाचे दिले, ते त्यात दिसतं.

घरी परतताना त्याच गतिरोधकावरून या. आठवड्याभराने गॅरेजवरून जाणं झालं तर नट एकदा पाहून घ्यायला सांगा. आवाज थोडाच आहे म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढू नका. पार संपलेल्या बुशमुळे शॉकअपची कडी आणि बोल्टही खराब होतो. शॉकअप सुटला तर ओल्या रस्त्यावर चाक उसळतं आणि गाडी हाताबाहेर जाऊ शकते. मागे बसलेल्यांनी पट्टे लावायचेच, ते वेगळं सांगायला नको.

शेवटी एक घरगुती सवय सांगते. हिशेबाच्या वहीत गाडीसाठी एक पान ठेवा. तारीख, किती किलोमीटर झाले, काय बदललं, किती पैसे दिले, एवढं चार ओळींत लिहा. पुढच्या वेळी कुणी म्हणालं, “बुशं कधी बदललीच नाहीत वाटतं,” तर पान उघडून पुढे करता येईल.